शिला, अवकाश आणि शांतरस

(नागपूर येथील एका स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान)



जपानी उद्यानात गेलेल्या माणसाला जी शांती लाभते, आणि त्या शांतीच्या पाठोपाठ जी काव्यवृत्ती त्याच्या मनात जागी होते, ती नेमकी कोठून येते, हा माझा आजचा प्रश्न आहे. वैशाखात ज्या शहराचा पारा ४५ अंशांना जाऊन भिडतो आणि ज्याच्या आसपासच्या नाल्यांत पावसाळ्याचे चार महिने सोडले तर बहुधा दगड आणि वाळूच दिसते, त्या शहरात हा प्रश्न काढण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील; परंतु मला तर वाटते की हा प्रश्न पडण्याचा अधिकार आणि त्याचे उत्तर शोधण्याची साधने या दोन्ही गोष्टी नागपूरकरांजवळ इतरांहून काकणभर अधिकच आहेत.

अधिकार अशासाठी की जपान हा देश या मुलखाला परका राहिलेला नाही. फुजी गुरुजी या नावाने आपण ज्यांना ओळखतो ते जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी १९३३ साली वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले, फुजी गुरुजींच्या मंत्राला पुढे गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेत स्थान मिळाले, आणि वर्ध्याचा शुभ्र विश्वशांती स्तूप आज त्या संबंधाची साक्ष देत उभा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, आणि त्यानंतरच्या दशकात भारतात आलेले सुरई ससाई हे जपानी भदंत नागपूरचेच होऊन गेले. त्यांचा जन्म १९३५ सालचा, ओकायामा प्रांतातला. कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ साली जपानी साहाय्यातून उभे राहिले. आणि सेमिनरी हिल्सच्या परिसरात, वनखात्याच्या देखरेखीखाली, ‘जपानी गार्डन’ या नावाचे एक उद्यान आहे. शेजारचा चौकही त्याच नावाने ओळखला जातो, आणि पहाटे फिरावयास निघणाऱ्या असंख्य नागपूरकरांच्या दिनक्रमात त्याला कायमचे स्थान मिळालेले आहे.

बागांची हौसही या शहराला नवी नाही. भोसल्यांच्या कारकिर्दीत महाराजबाग, तुळशीबाग, पालडी, सक्करदरा, सोनेगाव आणि तेलंगखेडी अशा बागा शहराच्या भोवती लावल्या गेल्या, त्यांना विहिरी व तलाव जोडले गेले, आणि त्यांच्या मशागतीची तजवीज झाली. परंतु या बागांचा मूळ हेतू सावली, फळ, फूल आणि राजाचा विसावा हा होता. त्या हेतूला मी कमी लेखत नाही. रणरणत्या उन्हातून आलेल्या माणसाला आंब्याची सावली हीच पहिली शांती होय. मात्र जपानी उद्यानकार ज्या शांतीचा विचार करतो ती सावलीच्या पुढची आहे, आणि तिच्याकडे जाण्याची त्याची वाट दगडापासून सुरू होते.

अकराव्या शतकात जपानी भाषेत ‘साकुतेइकी’ नावाचा एक ग्रंथ लिहिला गेला. ताचिबाना नो तोशित्सुना या सरदाराकडे त्याचे कर्तृत्व परंपरेने दिले जाते, आणि उद्यानरचनेवरील अतिप्राचीन ग्रंथांत त्याची गणना होते. या ग्रंथाच्या दृष्टीने उद्यान रचणे म्हणजे मुख्यतः शिला मांडणे. त्यातली जी शिकवण मला सर्वांत मोलाची वाटते ती अशी: प्रथम एक मुख्य शिला योग्य जागी बसवावी, आणि मग उरलेल्या शिला तिच्या मागणीप्रमाणे मांडीत जावे. म्हणजे उद्यानकाराने आपली कल्पना दगडावर लादावयाची नाही. दगडाचा कल, त्याची शीर, त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे न्याहाळीत बसावयाचे, आणि त्याने शेजार मागितला की तेवढाच शेजार त्याला द्यावयाचा. डोंगरात आडवा पडलेला दगड बागेत आणून उभा करू नये, आणि उभा असलेला आडवा पाडू नये, असा स्पष्ट निषेधही त्या ग्रंथात आहे. ज्या संस्कृतीने निर्जीव पाषाणाच्या मूळ स्थितीचा एवढा मान राखला, तिच्या बागेत शिरताच माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, यात नवल नाही. तेथे दगडाला देखील कोणी दुखविलेले नसते.

आता आपण ज्या टेकडीवर फिरावयास जातो तिच्या दगडाकडे पाहू. सेमिनरी हिल्सचा दगड हा दख्खनच्या लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, काळा बेसाल्ट होय. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने, ज्याचे नाव येथील महाविद्यालयाला आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरच्या भूस्तरांचा चिकाटीने अभ्यास केला, आणि जवळच्याच टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळातून गोड्या पाण्यातील गोगलगायींचे आणि वनस्पतींचे अश्मीभूत अवशेष जगापुढे ठेवले. म्हणजे अग्निरसाच्या एका पुरानंतर दुसरा पूर येईपर्यंतच्या अवधीत येथे तळी साचली होती, त्यांत जीव नांदले होते, काठावर झाडे फळली होती. ज्या काळ्या दगडाला आपण पायरीला किंवा पायाला वापरून मोकळे होतो, त्याच्या दोन थरांमध्ये एक बुजलेले सरोवर आहे, ही गोष्ट ज्याला एकदा कळली त्याला त्या टेकडीवरचा कोणताही धोंडा पुन्हा क्षुल्लक वाटणार नाही.

आणि शिला मांडण्याची विद्या तरी आपल्याला सर्वस्वी अपरिचित आहे काय? काटोल रस्त्याने शहराबाहेर पडले की जुनापाणीच्या माळावर लोहयुगातील शिलावर्तुळांचा फार मोठा समूह आढळतो. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात आपल्या मृतांच्या स्मरणासाठी विदर्भातील लोकांनी अवजड धोंडे ओढून आणले, ते गोलाकार रचले, आणि मधली जागा माती व लहान दगड यांनी भरून तिला उंचवटा दिला. मजूर पुढे गेले, भाषा गेली, नावे गेली; वर्तुळे राहिली. हिस्लॉपचा अंतही या शिलांच्याच शोधात झाला. १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतत असता वाटेतल्या ओढ्याच्या पुरात तो बुडाला. जुनापाणीच्या माळावर हिवाळ्यातील उतरत्या उन्हात उभे राहिले असता, प्रत्येक धोंड्याची सावली शेजारच्या धोंड्यापर्यंत पोहोचते आणि वर्तुळ सावल्यांनी जोडले जाते. ही बाग नव्हे, स्मशान होय, हे मी जाणतो. तथापि दगड ठेवल्याने मोकळ्या जागेला अर्थ येतो, हे तत्त्व साकुतेइकीच्या कितीतरी शतके आधी या भूमीतील माणसांच्या हातांना ठाऊक होते, एवढे म्हणण्यास मला हरकत वाटत नाही.

श्रोतेहो, शांती ही भावना असली तरी तिच्यापर्यंत नेण्याचे काम जपानी उद्यानात पायांकडून करवून घेतले जाते. चहाच्या विधीसाठी ज्या लहानशा झोपडीत जावयाचे तिच्या वाटेवर सुटे दगड बसविलेले असतात. ते मुद्दामच सारख्या अंतरावर नसतात. एक रुंद, एक अरुंद, एक किंचित डावीकडे, पुढचा थोडा लांब. त्यामुळे चालणाऱ्याला खाली पाहूनच पाऊल टाकावे लागते, पाऊल जपून पडले की श्वास संथ होतो, आणि घरून बरोबर आणलेली विवंचना चार दगडांत मागे पडते. मग मध्येच एक मोठा, सपाट, दोन्ही पाय मावतील असा दगड येतो; तेथे माणूस थबकतो, मान वर करतो, आणि त्याच क्षणी त्याला जे दिसावे अशी उद्यानकाराची इच्छा असते ते, एखादे पाण्याचे कुंड किंवा वाकलेली फांदी, त्याच्यासमोर येते. चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याच्याविषयी परंपरा सांगते की या दगडांच्या मांडणीत तो सहा हिस्से चालण्याच्या सोयीला आणि चार हिस्से सौंदर्याला देई; त्याचा शिष्य फुरुता ओरिबे याने हे प्रमाण उलटे केले. दोघांच्या मतांत अंतर असले, तरी एक पाऊल कोठे पडावे याचा हिशेब गुरू-शिष्यांनी इतक्या गांभीर्याने करावा, यातच त्या कलेची थोरवी आहे.

याच वाटेवर कधीकधी मुठीएवढा गोल दगड, काळ्या दोरीने चौफेर बांधून, पायरीच्या मधोमध ठेवलेला दिसतो. त्याचा अर्थ इतकाच की ही वाट आज बंद आहे. फलक नाही, कुंपण नाही, दंडाची धमकी नाही. एका बोटाने बाजूला सारता येईल असा तो अडसर असतो, आणि तरीही पाहुणा मुकाट्याने दुसऱ्या वाटेने वळतो. मनुष्याच्या सौजन्यावर एवढा विश्वास टाकणारी बाग त्या सौजन्याला जागे करते, आणि आपल्यावर विश्वास टाकला गेला आहे ही जाणीव, माझ्या मते, शांतीचे फार मोठे उगमस्थान आहे.

क्योतो नगरातील रयोआनजी या मंदिराची बाग तर पाणी, झाड आणि फूल या तिन्हींचा आधार सोडून देते. सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद अशा आयताकृती जागेत पांढरी खडी पसरलेली आहे, आणि तिच्यात पाच पुंजक्यांनी पंधरा शिला बसविलेल्या आहेत. शिलांच्या पायथ्याशी थोडे शेवाळ, तेवढीच हिरवाई. खडीवर दाताळ्याने समांतर रेघा ओढलेल्या असतात, त्या शिलांभोवती येऊन वळतात, आणि पाहणाऱ्याला त्यांत समुद्र दिसतो, कोणाला ढगांतून वर आलेली शिखरे दिसतात, कोणाला काहीच दिसत नाही आणि तरी उठवत नाही. तेथील ओसरीवर कोठेही बसले तरी एकाच दृष्टीत चौदाच शिला येतात. एक कोणती तरी दुसरीच्या आड राहते. जागा बदलली की लपलेली दिसू लागते आणि दिसणारी लपते.

या रेघा पाहण्यासाठी आपल्याला क्योतोपर्यंत जाण्याची तसदी घ्यावयास नको. पावसाळा सरून कन्हान नदीचे पाणी एका कडेला गेले की तिच्या रुंद पात्रात जी वाळू उघडी पडते, तिच्यावर ओसरत्या प्रवाहाने काढलेल्या लाटा जशाच्या तशा राहतात. एखादा धोंडा मध्ये आला तर त्या त्याच्याभोवती वळसा घेतात, त्याच्या खालच्या अंगाला वाळूची लांबट शेपटी सोडतात आणि पुन्हा समांतर होतात. हात फिरविला तर मोडतील इतक्या त्या नाजूक असतात. रयोआनजीचा भिक्षू दाताळ्याने जे रोज नव्याने करतो ते कन्हान वर्षातून एकदा करते, आणि तिच्या काठी राहणाऱ्या आपल्याला ते पाहण्याची सवड होत नाही. शुष्क प्रदेशाला जपानी उद्यान साधणार नाही, हा समज येथे पार लयास जातो; कारण पाण्याशिवाय पाणी दाखविण्याची ही कला आपल्यासारख्या उन्हाळ्याच्या मुलखाला विशेष जवळची आहे.

आता काव्याकडे येतो. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ ग्रंथात असा सिद्धांत मांडला की काव्याचा आत्मा शब्दांनी सांगितलेल्या अर्थात नसून त्यांनी सूचित केलेल्या अर्थात आहे. रयोआनजीची न दिसणारी पंधरावी शिला हा मला त्या सिद्धांताचा दृश्य दाखला वाटतो. ती तेथे आहे हे आपण जाणतो, ती दिसत नाही हेही आपण जाणतो, आणि या दोन जाणिवांच्या मध्ये जो ताण उत्पन्न होतो त्यातूनच पाहणारा कवी होतो. बाशो (१६४४–१६९४) या महाकवीने हायकूला जी उंची दिली तिचेही मर्म हेच. तीन लहान ओळींत एक दृश्य, एक नाद, एक ऋतू, आणि मग कवीचे मौन. उरलेले वाचकाने पुरे करावयाचे. रवीन्द्रनाथ १९१६ साली जपानला गेले तेव्हा या अल्पाक्षरी काव्याने त्यांना मोहित केले आणि त्यांनी बाशोचा परिचय बंगालीत करून दिला. आपल्या मराठीत ते कार्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरीष पै यांनी निष्ठेने केले, आणि आज मराठी हायकू हा परदेशी पाहुणा राहिलेला नाही.

तो इतक्या सहजतेने येथे रुजला याचे कारण आपल्या परंपरेत शोधावे लागेल. भरताने नाट्यशास्त्रात आठ रस गणले. शांताला नववा रस म्हणून सर्वश्रेष्ठ पद देण्याचे काम अभिनवगुप्तासारख्या आचार्यांनी केले. आणि त्या रसाला लोकभाषेत, रयतेच्या घरात, जात्यावर आणि वारीत आणून बसविण्याचे काम ज्ञानेश्वरांपासूनच्या मराठी संतांनी केले. शांतरसाचा स्थायीभाव म्हणजे शम. शम म्हणजे भावनांचा अभाव खचित नव्हे; सर्व भावना जेथे आपापल्या जागी येऊन बसतात आणि कोणतीच दुसरीला ढकलीत नाही, ती अवस्था. अशी अवस्था शब्दांत साधली तर अभंग होतो, शिलांत साधली तर उद्यान होते. म्हणून मी असे म्हणतो की जपानी उद्यानात मराठी माणसाला जी शांती भेटते, तिची ओळख त्याला आधीच, निराळ्या द्वाराने, झालेली असते.

परंतु या शांतीचे एक मूल्य आहे, आणि ते रोज चुकते करावे लागते. भल्या पहाटे आपल्या उद्यानांत पहिला येणारा माणूस म्हणजे खराटा घेतलेला माळी. तो वाटेवरची पाने लोटीत जातो, त्याच्या मागे मातीवर खराट्याच्या अर्धवर्तुळाकार रेघा उमटत जातात, आणि आपण पोहोचेपर्यंत त्या आपल्याच पायांनी पुसल्या जातात. रिक्यूविषयी एक आख्यायिका आहे. त्याचा मुलगा बागेची वाट पुनःपुन्हा झाडीत होता, आणि रिक्यू दरवेळी ती अपुरी ठरवीत होता. अखेर मुलगा म्हणाला की आता एक पानही उरलेले नाही. तेव्हा रिक्यूने स्वतः बागेत उतरून एक झाड हलविले आणि शरदातील लाल-पिवळी पाने स्वच्छ वाटेवर विखरून टाकली. ही कथा ओकाकुरा काकुझो यांनी ‘द बुक ऑफ टी’ या १९०६ सालच्या पुस्तकात सांगितली आहे. हे तेच ओकाकुरा, ज्यांनी १९०२ साली भारतात येऊन विवेकानंदांशी आणि ठाकूर कुटुंबाशी स्नेह जोडला. पुष्कळजण या कथेतून विखुरलेली पाने तेवढी लक्षात ठेवतात. माझे लक्ष आधीच्या झाडण्याकडे जाते. पुनःपुन्हा झाडलेल्या वाटेवरच ती पाने शोभली. न झाडलेल्या वाटेवर ती केवळ पाचोळा ठरली असती. निसर्गाला मोकळीक देण्याचा अधिकार ज्याने श्रम केले त्याला मिळतो, असा मी या कथेचा अर्थ लावतो.

याच न्यायाने ओकायामाच्या कोराकुएनकडे पाहावे. जपानमधील तीन श्रेष्ठ उद्यानांत गणली जाणारी ही बाग इकेदा त्सुनामासा या संस्थानाधिपतीने १६८७ मध्ये सुरू करविली आणि १७०० मध्ये ती पुरी झाली. १८८४ साली ती प्रांताच्या ताब्यात येऊन सर्व लोकांना खुली झाली. १९३४ च्या महापुराने आणि १९४५ च्या बॉम्बवर्षावाने तिची अपरिमित हानी केली. परंतु जुन्या संस्थानी अमदानीत काढलेली चित्रे जपून ठेवलेली होती. त्यांच्या आधारे ती पुन्हा उभी करण्यात आली. ज्या दफ्तराला आपण रुक्ष समजतो त्याने एक बाग मरणाच्या दारातून परत आणली. पुण्याने याच कोराकुएनच्या धर्तीवर सिंहगड रस्त्यावर सुमारे १० एकरांत उद्यान उभारले, ते २००६ साली लोकांना खुले केले, आणि ‘पूर्वरंग’मधून मराठी वाचकाला जपान दाखविणाऱ्या पु. ल. देशपांडे यांचे नाव त्याला दिले. नगरपालिकांच्या कारभारात असा औचित्याचा योग विरळा.

नागपूरने पुण्याचे अनुकरण करावे, असे मी सुचवीत नाही. जपानी उद्यानशास्त्रात दूरचे दृश्य उसने घेण्याची एक रीत आहे. क्योतोच्या उत्तरेस एन्त्सुजी येथे कुंपण बुटके ठेवून, झाडांच्या सरळ खोडांमधून दूरचा हिएई पर्वत बागेत आणलेला आहे. पर्वत आपल्या जागी, बाग आपल्या जागी, आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीत दोन्ही एक. आपणही उसने घ्यावयाचे तर ते आपल्या क्षितिजावरून घ्यावे. ईशान्येस रामटेक आहे, ज्याला ‘मेघदूता’तील रामगिरी ठरविण्यासाठी महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी याच नगरात बसून आपली विद्वत्ता वेचली. विरही यक्षाने जो मेघ पाहिला त्याच्याच कुळातले मेघ दर आषाढात आपल्या माथ्यावरून जातात. ज्या बागेतून तो मेघ निर्वेध दिसेल तिला आणखी कोणते दृश्य उसने आणावयाचे?

तेव्हा समारोप करताना माझ्या मनातील तीन गोष्टी या नगरीच्या कारभाऱ्यांपुढे आणि नागरिकांपुढे नम्रपणे ठेवतो. पहिली अशी की आपल्या उद्यानांपैकी एखाद्याचा एक कोपरा, फार मोठा नको, या टेकड्यांचा काळा दगड आणि खडी एवढ्याच साहित्याने रचावा. सिमेंटचे दिवे व पूल यांवाचून तो पुरेसा जपानी आणि पुरता वैदर्भीय होईल. दुसरी अशी की त्या कोपऱ्यासाठी एक जाणता माळी कायमचा नेमावा, त्याला मान आणि योग्य वेतन द्यावे, आणि त्याने आपली विद्या एका शिष्याला शिकविण्याची व्यवस्था करावी, कारण उद्यानाचे आयुष्य एका माणसाच्या आयुष्याहून मोठे असते. तिसरी अशी की त्याचा नकाशा, चित्रे आणि प्रत्येक शिलेच्या जागेची नोंद दफ्तरी नीट ठेवावी, म्हणजे एखादी आपत्ती आलीच तर पुढच्या पिढीला ते पुन्हा मांडता येईल. या तिन्हींना अफाट खर्च लागत नाही. लागते ती दीर्घकाळ टिकणारी आस्था. कवितेला आणि शांतीला सरकारी हुकूम काढून बोलावता येत नाही, हे खरे. परंतु त्यांना बसावयास जागा सिद्ध ठेवणे हे नगराचे कर्तव्य आहे, आणि ज्या लोकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी जुनापाणीच्या माळावर दगडाला अर्थ दिला त्यांच्या भूमीत राहणारे आपण ते कर्तव्य पार पाडू शकू, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.